नेमका कोणता डास : बालाघाटच्या रोगवाहक डासांच्या ओळखीचा इतिहास

भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग काढून १८६७ साली बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला आणि ज्या गावाला पूर्वी बूढा म्हणत तेथे त्याचे मुख्य ठाणे बसले. या एका जिल्ह्यात स्वभावाने अगदी वेगळ्या असलेल्या दोन भूमी एकत्र आल्या. दक्षिणेकडे वारासिवनी, कटंगी, लांजी हा वैनगंगेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख असून तेथे धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव यांचे जाळे आहे, पोवार, मरार, लोधी अशा शेतकरी समाजांची दाट वस्ती आहे, आणि पोवारी, मराठी व हिंदी एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. घाट चढून उत्तरेला आणि पूर्वेला गेले की परसवाडा, बैहर आणि बिरसा यांचे पठार लागते. तेथे साल आणि बांबू यांची वने आहेत, बंजर आणि हालोन या नद्या वैनगंगेकडे पाठ फिरवून नर्मदेच्या दिशेने वाहतात, आणि गोंड व बैगा यांची वस्ती लहान लहान टोल्यांत विखुरलेली आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तरी गोंदियापासून लांजीपर्यंतचे पाणी, धान, माणसे आणि डास यांना ती सीमा कधी जाणवली नाही.

या पठाराची ख्याती दीर्घ काळ तापाचा मुलूख अशी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परसवाड्याच्या पठारावर लछमन नाईक नावाच्या पुरुषाने पहिली गावे वसवली अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या वर्णनांत आढळते. त्याआधी तो सारा प्रदेश निबिड अरण्य होता, जरी एका प्राचीन कोरीव दगडी मंदिराचे अवशेष तेथे कधी काळी नांदत्या वस्तीची साक्ष देत होते. पुढे इंग्रजी अंमलात पठारावर खालच्या मुलखातून शेतकरी आणून वसवण्याचे प्रयत्न झाले आणि पावसाळा सरताच येणारा ताप हा त्या वसाहतीचा मोठा शत्रू ठरला. ओल्या जमिनीतून आणि कुजणाऱ्या पाचोळ्यातून विषारी हवा निघते व तिच्यामुळे ताप येतो, असे त्या काळचे वैद्यकशास्त्र सांगत असे. मलेरिया हा शब्दच इटालियन भाषेतील दूषित हवेवरून आला. ही समजूत पूर्ण चुकीची असली तरी तिच्यामागचे निरीक्षण खरे होते, कारण ताप आणि पाणी यांचा संबंध पठारावरच्या प्रत्येक माणसाला दिसत होता. त्या दोहोंमधला दुवा मात्र कोणालाच दिसला नव्हता.

हा दुवा शोधण्याचा मार्ग हिवतापाच्या आधी पीतज्वराने दाखवला. पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग असून त्यात यकृताला इजा होऊन कातडी व डोळे पिवळे पडतात आणि तीव्र अवस्थेत रक्तस्राव होतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका ही त्याची ठाणी होत. हवाना येथील वैद्य कार्लोस फिनले यांनी १४ ऑगस्ट १८८१ रोजी तेथील विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात या रोगाचा वाहक डास आहे असे सांगितले. त्यांनी केवळ ‘डास’ म्हणून न थांबता त्या शहरात आढळणाऱ्या डासांपैकी एका विशिष्ट जातीकडे बोट दाखवले, आणि फिनले यांचे खरे मोठेपण यातच आहे. ही जाती म्हणजे पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर वीणेच्या आकाराची चंदेरी खूण असलेला, घरातल्या रांजणांत व हौदांत अंडी घालणारा आणि दिवसा चावणारा डास. त्याला आधी क्यूलेक्स फॅसिएटस, नंतर स्टेगोमाया फॅसिएटा म्हणत आणि आज एडिस इजिप्ती म्हणतात. सुमारे वीस वर्षे फिनले यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. १९०० साली अमेरिकी सैन्याने वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली क्यूबात मंडळ नेमले, तेव्हा फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी त्या मंडळाला दिली आणि त्यांतून निघालेल्या डासांवर प्रयोग झाले. मंडळाचे सदस्य जेसी लॅझिअर हे २५ सप्टेंबर १९०० रोजी पीतज्वरानेच मरण पावले. रोग्याला चावल्यानंतर डासाच्या अंगात सुमारे बारा दिवस गेल्यावरच तो रोग देऊ शकतो, ही गोष्ट मंडळाने सिद्ध केली; आधीचे अनेक प्रयोग का फसले होते याचा उलगडा तिच्यातून झाला. नेमकी जाती कळताच कामाला दिशा मिळाली. विल्यम गोर्गस यांनी १९०१ च्या आरंभी हवानातील घरगुती पाणीसाठ्यांवर मोहीम उघडली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर त्या शहरातून पीतज्वर हटला. दलदलींकडे वळण्याचे त्यांना कारण उरले नव्हते, कारण हा डास दलदलीत वाढत नाही.

हिंदुस्थानात रोनाल्ड रॉस यांचा अनुभव याच्या उलट बाजूने तेच सांगतो. रॉस यांना कीटकशास्त्राचे शिक्षण नव्हते, त्यामुळे त्यांनी आपल्या भोवतालचे डास करडे, पट्टेदार आणि ठिपकेदार पंखांचे अशा तीन ढोबळ गटांत मांडले होते आणि १८९५ पासून जवळजवळ दोन वर्षे ते करड्या व पट्टेदार डासांच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधत राहिले. परजीवी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या शरीरावर पोसणारा जीव. हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम या नावाने ओळखला जातो. तो त्या डासांत असणे शक्यच नव्हते. ठिपकेदार पंखांचे डास हाती आले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना परजीवीच्या रंगद्रव्याच्या पेशी दिसल्या. हे डास अ‍ॅनोफेलिस या प्रजातीचे होते. शास्त्रीय वर्गीकरणात प्रजाती हा निकटच्या जातींचा समूह असतो आणि जाती हा त्यातला नेमका घटक असतो; रॉस यांनी प्रजातीपर्यंतचे अंतर कापले, पण जातीचे काम उरले होते, आणि भारतासारख्या देशात ते प्रचंड होते, कारण येथे अ‍ॅनोफेलिसच्या पन्नासहून अधिक जाती आहेत व त्यांपैकी अगदी थोड्याच हिवताप पसरवतात.

ते काम ज्या मुलखात सुरू झाले तो बालाघाटपासून फार दूर नाही. १९०१ साली जॉर्ज जाइल्स यांनी मध्य प्रांतातल्या होशंगाबादहून मिळालेल्या नमुन्यांवरून एका जातीचे वर्णन केले आणि तिला अ‍ॅनोफेलिस क्यूलिसिफेसिस हे नाव दिले. अ‍ॅनोफेलिस डास सहसा भिंतीवर डोके खाली व शेपटी वर करून तिरका बसतो, पण ही जाती क्यूलेक्स या दुसऱ्या प्रजातीच्या डासांप्रमाणे भिंतीला जवळजवळ समांतर बसते, म्हणून नुसत्या बसण्यावरून तिला ओळखू पाहणारा सहज फसतो. त्याच वर्षी ग्लेन लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीतील अ‍ॅनोफेलिस डासांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी सिडनी प्राइस जेम्स यांनी अ‍ॅनोफेलिस फ्लुव्हिएटिलिस या दुसऱ्या जातीचे वर्णन केले. ही जाती गवताळ काठांच्या मंद वाहत्या ओढ्यांत वाढते. १९०४ साली जेम्स आणि लिस्टन यांनी मिळून भारतातील अ‍ॅनोफेलिस डासांवर ग्रंथ लिहिला. होशंगाबादची जाती आणि ओढ्यांतली जाती, या दोहोंभोवतीच बालाघाटच्या हिवतापाचा पुढचा सारा इतिहास फिरतो.

यातल्या जेम्स यांच्या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण हिवताप आणि पीतज्वर हे दोन्ही धागे या एका माणसाच्या हातात एकत्र येतात. पनामा कालवा पुरा होत आला तसा पीतज्वराच्या प्रदेशातून पॅसिफिकमार्गे थेट आशियाच्या बंदरांपर्यंत जहाजे येऊ लागतील आणि तो रोग भारतात शिरेल, अशी भीती निर्माण झाली. येथे एडिस इजिप्ती बंदरोबंदरी भरपूर होता आणि लोकांत त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. १९१३ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात जेम्स यांनी भारताचे पीतज्वरापासून रक्षण कसे करावे यावर विस्तृत निबंध लिहिला. ती भीती खरी ठरली नाही. भारतात पीतज्वराचा एकही रुग्ण आजवर नोंदला गेलेला नाही. परंतु त्या भीतीमुळे भारतातल्या स्टेगोमाया डासांकडे, म्हणजे आजच्या डेंगी व चिकुनगुन्याच्या वाहकांकडे, गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, हा तिचा मोठा लाभ मानला पाहिजे.

डासाची जाती ओळखण्याची जुनी पद्धत आजही प्रत्येक जिल्हा हिवताप कार्यालयाचा पाया आहे, म्हणून ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, कर्मचारी विजेरी आणि काचेची शोषनळी घेऊन घरांत व गोठ्यांत शिरतो, भिंतीवर बसलेला डास तोंडाने हवा ओढून नळीत घेतो आणि कापसाने नळीचे तोंड बंद करतो. घरात किती डास दडले आहेत हे पाहायचे असेल तेव्हा जमिनीवर पांढऱ्या चादरी पसरून, दारे-खिडक्या बंद करून पायरेथ्रम हे वनस्पतिजन्य कीटकनाशक फवारतात आणि चादरीवर पडलेले डास वेचतात. जे डास घरात विसावत नाहीत त्यांच्यासाठी रात्री प्रकाशाचे सापळे टांगतात. मग भिंगाखाली काम सुरू होते. मादीच्या सोंडेच्या दोन्ही अंगांना असलेले पॅल्प नावाचे अवयव सोंडेइतकेच लांब असतील तर ती अ‍ॅनोफेलिस, आखूड असतील तर क्यूलेक्स किंवा एडिस. त्यानंतर पंखांच्या शिरांवरचे फिके आणि गडद खवले वाचावे लागतात. क्यूलिसिफेसिस आणि फ्लुव्हिएटिलिस या दोन्ही लहान चणीच्या, पायांवर पट्टे नसलेल्या जाती असून प्रथमदर्शनी त्यांच्यात फरक दिसत नाही. परंतु पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेचा मुळाकडचा चौथा भाग क्यूलिसिफेसिसमध्ये फिक्या ठिपक्याने तुटलेला असतो व फ्लुव्हिएटिलिसमध्ये अखंड गडद असतो, तसेच तिसरी शीर पहिलीत बहुतांशी गडद तर दुसरीत बहुतांशी फिकी असते. १९३३ साली रिकर्ड क्रिस्टोफर्स यांनी भारतातील अ‍ॅनोफेलिसांवर लिहिलेल्या महाग्रंथात या खुणा इतक्या काटेकोरपणे मांडल्या की पुढच्या पिढ्यांनी त्यांच्याच किल्लीने डास ओळखले.

येथे एक भेद आवर्जून सांगितला पाहिजे, कारण व्यवहारात तो फार वेळा विसरला जातो. गावात एखादी जाती सापडणे आणि ती जाती त्या गावात रोग पसरवत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाहक ठरवण्यासाठी डासाची लाळग्रंथी सुईने बाहेर काढून तीत हिवतापाच्या परजीवीची स्पोरोझोआइट ही बारीक, चातीसारखी अवस्था शोधावी लागते, कारण चावताना लाळेबरोबर तीच माणसाच्या रक्तात उतरते. शेकडो डास चिरल्यावर एखाद्यात ती मिळते. हे कष्टाचे, डोळे शिणवणारे काम आहे आणि ज्यांनी ते वर्षानुवर्षे केले त्या कर्मचाऱ्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत. पण वाहक म्हणून सिद्ध झालेली प्रत्येक जाती त्यांच्याच हातून गेलेली आहे.

बालाघाटच्या परिसरात हे काम येण्यास रेल्वे आणि खाणी कारणीभूत झाल्या. गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा अरुंद रुळांचा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला आणि भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगेनीजच्या खाणी उभ्या राहिल्या. भरावासाठी रुळांच्या कडेने माती उकरलेले खड्डे पावसाने भरले की ते क्यूलिसिफेसिसचे आवडते जन्मस्थान होते, आणि खाणींवर दूरदूरच्या गावांतून आलेले मजूर एका ठिकाणी राहत असल्याने एकाचा परजीवी दुसऱ्याला मिळण्यास वेळ लागत नसे. रेल्वे कंपनीने रोनाल्ड सीनियर-व्हाइट यांना हिवताप-तज्ज्ञ म्हणून नेमले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मध्य सातपुड्यात हिवताप कसा पसरतो यावरचा अभ्यास १९४० साली प्रसिद्ध केला. एका रेल्वे कंपनीला आपल्या मजुरांच्या तापासाठी डासांच्या जाती मोजाव्या लागल्या, यावरून त्या काळी या रोगाची आर्थिक झळ किती मोठी होती हे उमजते.

याच दशकांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पीतज्वराच्या अभ्यासकांना मोठा हादरा बसला होता. एडिस इजिप्ती हाच पीतज्वराचा वाहक आणि तो संपला की रोग संपला, असे रीड आणि गोर्गस यांच्या यशानंतर मानले जात होते. १९३२ साली ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो प्रांतातील कनान खोऱ्यात पीतज्वराची साथ आली, पण तेथे शोधूनही एडिस इजिप्ती मिळाला नाही. फ्रेड सोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून ‘जंगली पीतज्वर’ ही संकल्पना मांडली: हा विषाणू रानातल्या माकडांत फिरत असतो, त्यांच्यातले वहन रानातले डास करतात आणि रानात शिरणाऱ्या माणसाला तो मिळतो. १९३८ साली ब्राझीलमध्येच रानात पकडलेल्या हेमागोगस प्रजातीच्या डासांत तो विषाणू सापडला. कोलंबियातील होर्हे बोशेल यांनी लाकूडतोड्यांना उंच झाड पाडताना पाहिले, तेव्हा शेंड्यावरचे निळसर चमकणारे डास झाडाबरोबर खाली येऊन माणसांना घेरतात हे त्यांच्या ध्यानात आले. हे डास झाडांच्या शेंड्यांवर, माकडांच्याच उंचीवर राहतात, म्हणून जमिनीवर शोधणाऱ्यांना ते मिळत नव्हते. हवानात खरी ठरलेली ओळख कनान खोऱ्यात अपुरी पडली.

हेच बोशेल पुढे भारतात आले, आणि त्यांना येथे आणणारी साथसुद्धा प्रथम पीतज्वराचीच शंका जागवणारी होती. १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानात वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसांना तीव्र ताप येऊ लागला. दक्षिण अमेरिकेत माकडांचे मरण ही जंगली पीतज्वराची पूर्वसूचना मानली जात असल्याने, अखेर तो रोग आशियात पोचला की काय या धास्तीने पुण्याचे पथक तेथे गेले. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क, पनामात पीतज्वराच्या डासांवर काम केलेले हॅरल्ड ट्रॅपिडो, आणि मुंबई इलाख्यातल्या हिवताप-निर्मूलनात मुरलेले टी. रामचंद्र राव यांच्यासारखे कीटकतज्ज्ञ या शोधाशी जोडलेले होते. विषाणू वेगळा काढल्यावर तो रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला आणि वाहक डास नसून हेमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड ठरली. पथकाने धास्तीपोटी रानभर डासनाशक मारून समाधान मानले असते, तर गोचिडीचा शोध लागला नसता. या रोगाचे रुग्ण २०१६ साली सिंधुदुर्गातही मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा काय शोधायचे हे आरोग्य यंत्रणेला माहीत होते ते क्यासनूरच्या त्या कष्टांमुळे.

देशभर मात्र त्याच वर्षांत उलट प्रवृत्ती बळावली होती. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली त्याचेच रूपांतर असलेला निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारले गेले आणि रुग्णसंख्या इतकी झपाट्याने उतरली की कोणता डास हा प्रश्न विचारण्याची निकड वाटेनाशी झाली. क्यूलिसिफेसिसमध्ये डीडीटीला दाद न देण्याची शक्ती आली, कार्यक्रम ढिलावला आणि १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बैहर, बिरसा यांसारख्या वनप्रदेशांत तर रोग पुरता कधी गेलाच नव्हता.

ओळखीचे शास्त्र याच पडझडीनंतर नव्याने उभे राहिले आणि आता ते भिंगाच्या पलीकडे गेले. १९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी दाखवले की क्यूलिसिफेसिस ही एक जाती नसून दिसायला तंतोतंत सारख्या, पण एकमेकींशी संकर न करणाऱ्या जातींचा समूह आहे. अशा जातींना भगिनी जाती म्हणतात. त्यांतल्या पहिल्या दोहोंना ए आणि बी अशी अक्षरे मिळाली. सरला सुब्बाराव आणि दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सी आणि पुढे डी या जाती वेगळ्या केल्या, तर ई ही १९९९ साली रामेश्वरम बेटावरच्या अभ्यासातून वेगळी ठरली. फ्लुव्हिएटिलिसमध्येही १९९४ साली एस, टी आणि यू अशा तीन जाती स्पष्ट झाल्या. या जाती ओळखण्यासाठी रक्त पिऊन अंडी अर्धी भरलेली मादी लागते. तिच्या अंडाशयातील पोषक पेशींत जाडजूड, आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रे असतात व त्यांवरचा एखादा भाग उलटा जोडला गेला आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे जुळवून पाहतात. वेळ थोडी जरी चुकली, अंडी फार कच्ची किंवा फार पक्व असली, तरी तो नमुना निरुपयोगी ठरतो. पुढे जनुकांवर आधारित चाचण्या आल्या तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली.

हा भेद केवळ संग्रहालयाच्या उपयोगाचा नाही. बी जाती गुरांचे रक्त पिणारी आणि हिवतापाची अत्यंत दुबळी वाहक आहे, उलट इतर जाती रोग पसरवतात. फ्लुव्हिएटिलिसमध्ये एस माणसाला आवडीने चावणारी व प्रभावी वाहक आहे, तर टी ही गुरांवर पोसणारी म्हणून निरुपद्रवी मानली जात होती. म्हणजे एखाद्या गावात क्यूलिसिफेसिस मोजून डास वाढले असा अहवाल गेला आणि ते सारे बी निघाले, तर त्या आकड्याचा रोगाशी संबंध नाही. आणि डास थोडेच असले पण ते भलत्या भगिनी जातीचे असले, तर थोडेपणात सुरक्षितता नाही.

जबलपूरला १९८४ साली स्थापन झालेले आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यक संशोधन केंद्र, जे आता राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते, त्याने हा प्रश्न बालाघाटच्या पठारावर नेला. नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०१० ते फेब्रुवारी २०१२ या काळात बैहर आणि बिरसा या सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील वनग्रामांत तपासणी केली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांमध्ये ८० टक्क्यांहून अधिक संसर्ग प्लास्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक परजीवीचे होते आणि तान्ही मुलेही त्यातून सुटलेली नव्हती. घरांत कीटकनाशकाची फवारणी आणि औषधभारित मच्छरदाण्या असूनही रोग जवळजवळ वर्षभर चालू होता. डासांची तपासणी एलायझा या चाचणीने झाली. स्पोरोझोआइटच्या आवरणातील प्रथिन डासाच्या शरीरात आहे का हे ती रंग पालटून दाखवते. क्यूलिसिफेसिसचे पंचवीस डास बाधित निघाले, त्यांत सी, डी आणि ई या भगिनी जाती होत्या. फ्लुव्हिएटिलिसचे तीन डास बाधित निघाले, दोन फाल्सिपेरमने आणि एक व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीने, आणि त्यांत एस जातीबरोबर टी ही जातीही होती. वनग्रामांत टी वाहक म्हणून आढळण्याची भारतातली ही पहिली नोंद होय.

तीन डास हा आकडा लहान आहे, आणि गुरांचे रक्त प्यालेल्या डासांत एलायझा कधी कधी खोटा होकार देते हे अन्यत्रच्या अभ्यासांतून दिसले असल्यामुळे अशा नोंदीला पुढच्या तपासाचे पाठबळ मिळणे इष्टच आहे. तरीही या नोंदीचे वजन कमी लेखता येत नाही. कनान खोऱ्यात जे घडले त्याच प्रकारचे हे घडणे आहे: एका मुलखात निर्दोष ठरलेला डास दुसऱ्या मुलखात, वेगळ्या रानात आणि वेगळ्या वस्तीत, दोषी असू शकतो. जेथे गुरे माणसांच्या निजण्याच्या जागेला लागूनच बांधली जातात, जेथे ओढा घरापासून हाकेच्या अंतरावर असतो आणि जेथे अनेकांच्या रक्तात परजीवी वर्षभर असतो, तेथे गुरांवर पोसणाऱ्या डासाचा माणसाशी संबंध येण्याचे प्रसंग वाढतात. शिवाय क्यूलिसिफेसिसचा जोर पावसाळ्यात असतो, कारण तेव्हा बांध्या आणि डबकी भरलेली असतात. फ्लुव्हिएटिलिस पावसानंतर, ओढे निवळून मंद वाहू लागले की वाढतो आणि हिवाळ्यापर्यंत टिकतो. पावसाळ्यापुरतीच आखलेली फवारणी पहिल्या डासाला गाठते व दुसऱ्याला सोडते. पठारावरचा ताप कार्तिक-मार्गशीर्षातही का रेंगाळतो याचे एक सबळ कारण येथे मिळते.

आजही मध्य भारतात तापाची साथ आली की पहिली हालचाल धूरफवारणीची होते. गावात यंत्र फिरते, धूर निघतो, छायाचित्रे छापून येतात, आणि तो धूर ओसरेपर्यंत ज्या डासांनी ती साथ पसरवली त्यांचा एकही नमुना कोणाच्या हाती उरत नाही. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली आणि राजनांदगाव या लगतच्या जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी एवढे तरी ठरवावे की तापाच्या गावात फवारणीचे पथक पोचण्याआधी पहाटेच्या वेळी रुग्णांच्या घरांतले व गोठ्यांतले डास शोषनळीने गोळा केले जातील, त्यांची जाती व भगिनी जाती जबलपूर किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासली जाईल, आणि तो निष्कर्ष राज्याची सीमा न पाहता चारही जिल्ह्यांना कळवला जाईल. डास गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची रिक्त पदे भरणे हे या कामाचे पहिले पाऊल आहे, आणि पावसाळा लागण्याआधी ते उचलले गेले पाहिजे.